पहिला श्रावण

पांढुर्णा, मंगळवार, ७ मे २०२४.
(ही अलकाची तारीख. माझी म्हणजे, उद्या चैत्राची अमावस्या.)

चि. तृप्तीस आजीचा आशीर्वाद.

शेजारची अलका मास्तरीण लिहून राहिली आहे. बोलते तसंच लिही म्हटलं, तर माझंच शुद्धलेखन तपासते. ऊन असं की मांजर माठाला टेकून बसली आहे. तुझा मंगेशकाका अंगणात गाडी चालू ठेवून उभा आहे. घंट्याभरात सौसरले तुझ्या सासरी पोचेल. अशा बायकांच्या गोष्टी लेकाच्या तोंडी देता येत नाहीत, म्हणून हा कागद.

सकाळपासून दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तुझ्या सासूबाईनं स्पीकर लावला, अन् मी संत्र्याच्या बहाराचं बोलून ठेवून दिला. तू मागून म्हणाली, बाळ कालपासून कमी हालून राहिलं. त्या म्हणाल्या, दवाखान्याच्या कार्डावर सत्तावीस मे आहे, वीस दिवस बाकी आहेत, निजलं असेल. मी पण हो म्हटलं. मग उठून अलकाले हाक मारली.

गेल्या साली दोन श्रावण होते, आठवते? इंग्रजीवाले चार वर्षांनी फेब्रुवारीत एक दिवस घुसवतात. यंदाही घुसवला, तर त्याचं केवढं कौतुक. आपण तीन वर्षांनी अख्खा महिना घालतो अन् त्याले धोंडा म्हणतो. जावयाले बोलावून तेहतीस अनारसे तेवढे खाऊ घालतो. महिना बिचारा उपाशीच.

तुम्ही दोघं धोंड्याच्या जेवणाले आले, त्या दिवशी पंचमी होती. पहिल्या श्रावणाची. तू सकाळीच बाजूला बसली. जावयाले ओवाळायले मी उभी राहिली, अन् तू खिडकीतून हसत होती की आजीच नवरी दिसते. त्यानंतर तू बाजूला बसलीच नाही.

दिवाळीत इथं कार्ड काढलं, तेव्हा नर्सबाईनं शेवटच्या पाळीची तारीख विचारली. तुले तर तुझ्या लग्नाची तारीख जावई सांगते. तू म्हणाली, आजीले माहीत. मी सांगितलं, श्रावणातली पंचमी. तिनं विचारलं, पहिल्या का दुसऱ्या? तुझ्या सासूबाई बाजूलाच होत्या. म्हणाल्या, धोंड्यातलं नसलं म्हणजे झालं.

मी म्हटलं, दुसऱ्या.

चुकून नाही म्हटलं, बाई. जाणून म्हटलं. नर्सबाईनं नागपंचमीची तारीख लिहून टाकली, अन् तुझं बाळ कागदावर एक महिन्यानं लहान झालं. सोनोग्राफीवाले म्हणाले, तारखेच्या मानानं बाळ मोठं दिसते. सासूबाईनं पेढे वाटले. मी पण खाल्ला.

अलका लिहिता लिहिता थांबली. लिही म्हटलं तिले, माझ्याकडे पाहू नको.

तुझ्या बापाच्या आधी मले एक पोरगा झाला होता. तोही असाच, धोंड्यात राहिलेला. माझी सासू त्याले धोंड्याच म्हणे. बारशाचं नाव ठेवलंच नाही. सव्वा महिन्याचा गेला, तर म्हणाली, गोटा होता, पाण्यात गेला. मी चुलीपुढे बसून भाकरी थापत राहिली. तुझ्या लेकराले कोणी तसं म्हणू नये, एवढंच मनात होतं. तोंडातून दुसरा श्रावण निघाला, अन् मग मागे घेता आला नाही. रोज म्हणत होती, उद्या सांगीन.

माझ्या हिशेबानं नऊ महिने नऊ दिवस हनुमान जयंतीच्या आदल्या दिवशीच भरले. वर पंधरा दिवस झाले. वीस दिवस बाकी नाहीत, तृप्ती. एकही नाही.

हे वाचलं की चप्पल घाल. भांडी राहू दे, साडी बदलू नको. सासूबाईनं विचारलं तर म्हण, आजी खोटारडी निघाली. मंगेशले म्हटलं आहे, दवाखान्याच्या आत नेल्याशिवाय परत येऊ नको. हा कागद डॉक्टरणीच्या हातात दे, घडी घालून पर्समध्ये ठेवू नको. मले काय म्हणायचं ते तुम्ही सगळे नंतर म्हणा. मी इथंच आहे, उंबऱ्यावर.

डॉक्टरीणबाई, पोरीचं कार्ड चुकीचं आहे. श्रावण पहिला होता. मले लिहिता येत नाही, म्हणून खाली अंगठा लावते.

अंबाबाई, तृप्तीची आजी. त्या दिवशी मी घरात होती.