देवीचा उजवा हात

इंदूर, डिसेंबर १९५३

रघुदादा,

नमस्कार मुद्दामच लिहीत नाही.

खंडित मूर्ती घरात ठेवू नये, म्हणून आमच्या देवघरातली दगडी देवी मी तुझ्या हाती दिली. तू ओंकारेश्वरला निघाला होतास. नर्मदेत सोडतो म्हणालास. काल तुझ्या नव्या बंगल्यात आले, तर ती दिवाणखान्यात! एका बाजूला विलायती संगमरवरी बाई, दुसऱ्या बाजूला कुठल्याशा नव्या कलाकाराचं प्लास्टरचं मुंडकं, आणि देवीच्या पायाशी सिगारेटची राख.

“वाह साहब, क्या चीज़ है!” पाहुणे म्हणाले. तू ऐटीत सांगितलंस, “आठशे वर्षांची आहे. हात काळानं तोडला.”

काळानं? माझा बंडू तापात गेला, त्या दुपारी तिचा तो अभय देणारा हात मी वरवंट्यानं तोडला. घासताना पडली, असं सगळ्यांना खोटंच सांगितलं.

हे पत्र पाठवणार नाही. तेही पाहुण्यांना वाचून दाखवशील. उद्या टांगा घेऊन येतेय, देवीला मीच नेईन. तिचा हात माझ्या ट्रंकेत आहे, बंडूच्या झबल्यात गुंडाळलेला. तिला तो परत करायचाय.

तुझी बहीण, अजून तरी,
सरोजिनी