खोकल्याची बाटली मी नेली आहे

नलू,

खोकल्याची बाटली फडताळात शोधू नकोस, मी सोबत नेली आहे. काल संध्याकाळी तुला त्यातले दोन चमचे दिले आणि लेबल मात्र आज सकाळी वाचलं. त्यात एफेड्रिन आहे. शर्यतीत त्याला बंदी आहे, आणि उद्या पळून झाल्यावर तुम्हा सगळ्यांची लघवी तपासणार आहेत. तोवर ते अंगातून जाईल की नाही, हे मला खात्रीने सांगता येत नाही.

म्हणून खोपोलीला, शर्यतीच्या समितीच्या डॉक्टरांकडे चालले आहे. औषध मी दिलं, किती आणि कधी दिलं, ते लिहून देईन. ते तुला पळू देतील की नाव कापतील, माहीत नाही.

आईंचं ऐकू नकोस. सकाळी म्हणाल्या, "त्यात काय एवढं? माजं दे भरून. मला कुठं पळायचं हाय!" त्यांच्या लघवीतली साखर बघून डॉक्टर तुला थेट दवाखान्यात झोपवतील.

तपासणी सगळ्यांची व्हावी, असं शाळेच्या बैठकीत मीच म्हटलं होतं. "वहिनी, तुमचा आमच्यावर विश्वास नाय का?" असं विचारून तू आठवडाभर अबोला धरलास. माझं मत आजही तेच आहे. एवढंच की, चूक मुलांकडूनच होईल, असं मी धरून चालले होते.

घसा खवखवला तर मिठाच्या गुळण्या कर, दुसरं काही घेऊ नकोस. संध्याकाळी धरणाच्या बांधावर पळायला मात्र जा. डॉक्टर काय म्हणाले ते मीच येऊन सांगेन. तोवर उद्याची पिशवी भरलेलीच असू दे.

वहिनी