तपासणीची नळी

सोमवार, ४ जून
आजचं क्रमाने:
१. बोट वेळेवर बेटाला लागली.
२. भट्टीवाले पेनिआमिना काका फुलांचा हार घेऊन धक्क्यावर हजर.
३. रुग्णालयाचा कचरा जाळणारी भट्टी पाहिली. धुराड्यातली हवा नळीतून यंत्रात येते, यंत्र कागदावर रेघ काढतं. आकडे मर्यादेत.
४. राहायला भट्टीशेजारचं घर. खिडकीतून समुद्र. मजेत आहे.
भट्टीचा परवाना शुक्रवारी, १५ला, आपोआप वाढेल. तपासनीस म्हणून माझी हरकत अपियाच्या मुख्य कार्यालयात पोचली तरच थांबेल.

बुधवार, ६ जून
आकडे फारच चांगले आहेत. सुया, प्लास्टिक, ओल्या पट्ट्या जळतात, आणि यंत्राला ती साधी हवा वाटते. वाऱ्याखालच्या शाळेत मात्र अर्धा वर्ग खोकतो. काका हसले. म्हणाले, "नापास झाल्यावर रडणारे पुष्कळ पाहिले. पास झाल्यावर रडणारी तूच, पोरी!" संध्याकाळी शंख वाजला. दुसऱ्या शंखापर्यंत गाव प्रार्थनेत. बाहेर कुणी थांबत नाही.

गुरुवार, ७ जून
नळी धुराड्यात नाहीच. ती जमिनीखालून आणून माझ्या घराच्या फळ्यांखाली सोडली आहे. यंत्र माझ्या खोलीची हवा मोजतं. काका खालमानेने म्हणाले, मालकाच्या सांगण्यावरून आधीच्या तपासनिसाने, इओसेफाने, ती वळवली. मग पस्तावला, नळी जागेवर बसवतो म्हणाला. त्या संध्याकाळपासून दिसला नाही. चपला दारातच राहिल्या.

शुक्रवार, ८ जून
यंत्रापाशी बसले. घराला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. कार्बन डायऑक्साइडची रेघ वरखाली होते, मिनिटाला चौदा वेळा. नळीच्या तोंडाशी कुणीतरी श्वास घेतंय.

शनिवार, ९ जून
फळ्या उचलल्या. नुसती वाळू. शंख झाला, रेघ सपाट. दुसरा शंख — पुन्हा चौदा.

रविवार, १० जून
थंड भट्टीत शिरून नळी धुराड्याला जोडली. तरी चौदा. काकांना रेघ दाखवली. त्या दिवशी शंख झाला म्हणून आत न बघताच दार लावलं, भट्टी पेटवली, प्रार्थनेला पळालो, म्हणाले. इओसेफा आत असेल हे —

सोमवार, ११ जून
नळीला आतून सील लावतेय. भट्टीतच लिहितेय. दार उघडं. काका बाहेर, शंख झाला तरी हलणार नाही म्हणालेत.
अपियाला मजकूर: नळी वळवलेली होती. परवाना थांबवावा. गुरुवार, १४ जूनपर्यंत उत्तर द्यावे, ही विनंती.
इथे कुणीतरी श्वास घेतंय. माझ्या मानेशी —
शंख.
श्वास थांबला. काका, दार का —