ओट्यापाशी बूट

७ जानेवारी
एक्स-रे झाला. उजव्या गुडघ्याची आतली बाजू झिजलीये. बाहेरची ठणठणीत! पाय बाहेरच्या बाजूला बाकलेत म्हणे, म्हणून सगळा भार आत पडतो. आरशात पाहिलं. बाकलेत खरे.

८ जानेवारी
फिजिओथेरपीला गेले. संघप्रिया नावाची मुलगी आहे. तिने बुटात घालायला पाचरी दिल्या – एका कडेला जाड, दुसरीकडे निमुळत्या. जाड कड पावलाच्या बाहेरच्या बाजूला. तिकडून पाऊल जरा उचललं गेलं की गुडघ्याच्या आतला भार थोडा हलका होतो. झीज भरून येईल का, विचारलं. "नाही. दुखणं कमी होईल कदाचित. सगळ्यांनाच गुण येतो असंही नाही." गोड बोलून थापा मारल्या नाहीत, बरं वाटलं.

१५ जानेवारी
बूट घालून करावे गावापर्यंत चालून आले. दुखलं, पण कमी! घरी आल्यावर बूट दाराबाहेर काढले, पोळ्यांना उभी राहिले आणि डोळ्यांत पाणी आलं.

२२ जानेवारी
संघप्रियाने विचारलं, बूट कधी कधी घालता? म्हटलं, फिरायला जाताना. तिने पेन खाली ठेवलं. "काकू, दिवसभर उभ्या तर ओट्याशी असता. पाचर दाराबाहेर ठेवून गुडघ्याला काय उपयोग?"

घरात घालायला वेगळे बूट घ्या म्हणाली. हिला काय सांगू! आमचे देव स्वयंपाकघरात, ओट्याला लागून. आणि घरात सासूबाई. तिथे साधी सपातही चालत नाही.

२४ जानेवारी
नवे बूट आणले. हे म्हणाले, आईला विचारलंस का? नाही विचारलं. एकसष्टाव्या वर्षी पोळ्या लाटायला परवानगी काढू?

आई आल्या, पायांकडे बघितलं. "देवांसमोर बूट, वैजयंती?" कापडी आहेत, बाहेर कधी घातले नाहीत, सगळं सांगितलं. त्या खोलीत गेल्या. जेवायलाही आल्या नाहीत.

काढले शेवटी. राग राग झाला. आईंचा नाही एवढा – ह्यांचा! मान खाली घालून जेवत होते.

२५ जानेवारी
अनवाणी. दुखतंय.

३० जानेवारी
संघप्रिया म्हणाली, असंच वाढत गेलं तर ऑपरेशनचा विचार करावा लागेल. मला फार भीती वाटते. घरी आल्यावर ह्यांना सांगताना रडू फुटलं. आई तिथेच बसल्या होत्या. म्हणाल्या, बघू ती पाचर. हातात दिली. जाड कड बोटांनी चाचपत बसल्या. मग परत दिली आणि वाती वळायला घेतल्या.

१ फेब्रुवारी
उठून बघते तर ओट्याजवळचा कोपरा रिकामा! देव आईंच्या खोलीत. पहाटे ह्यांना उठवून हलवून घेतले. "घाल आता काय ते," म्हणाल्या. एवढंच. मी बूट घालून पोळ्या केल्या.

२ फेब्रुवारी
चहा द्यायला गेले तर आई म्हणाल्या, दार लोटून घे. लुगडं गुडघ्यापर्यंत वर केलं. दोन्ही पाय माझ्याहून कितीतरी जास्त बाकलेले. गुडघे सुजलेले. त्या डुलत चालतात ती त्यांची ढबच आहे, असं मला वाटायचं.

"पन्नाशीपासून दुखतायत," म्हणाल्या. "माझ्या मापाचे मिळतील का गं?"