निळे बॉडीला, काळे टायरला

१२ नोव्हें., बुध.
पंचवटीतले गुरुजी गाडी घेऊन परत आले. दसऱ्याला घेतलेली नवी कोरी काळी गाडी आणि बॉनेटवर गोल गोल ओरखडे. भांडले असते तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाले, "वहिनी, तुमच्याकडे विश्वासाने धुवायला टाकतो हो." मेल्याहून मेल्यासारखं झालं. ह्यांनी पॉलिश मारून दिलं. निम्मे गेले, निम्मे तसेच.

मी सिंहस्थाच्या खोदकामावर खापर फोडलं, धूळच एवढी वगैरे. मनातून माहितेय, असे ओरखडे टॉवेलनेच पडतात.

१३ नोव्हें.
सापडलं! निळ्या टॉवेलांच्या गठ्ठ्यात काळा. निळे बॉडीला, काळे टायरला, गाड्या धुण्याचं सेंटर सुरू केलं तेव्हापासूनचा नियम. काळ्यात बारीक खडी अडकून राहते, कितीही धुवा. मी तर जमिनीवर पडलेला निळासुद्धा परत गाडीला लावू देत नाही. नवीन आणला की आधी लेबल कापते, सुती कपड्यांत धुवू देत नाही, ते कपडे मऊ करायचं वासाचं लिक्विड घालू देत नाही. एवढं सगळं करून ही तऱ्हा.

धुणं, वाळवणं, घड्या सगळं ताईंकडे. माझ्या मोठ्या जाऊबाई. बोलले मी, जरा जास्तच. "लक्ष कुठंय तुमचं?" तर म्हणाल्या, "गडबडीत झालं असंल." बस. एरवी एकाला चार सुनावणारी बाई.

१५ नोव्हें., शनि.
आज ताई घडी घालण्याआधी प्रत्येक टॉवेल नाकाला लावत होत्या. मी म्हटलं, "काय ताई, टॉवेल आहे का आंबा?" त्याही हसल्या.

घरी आले, भाकरी थापता थापता एकदम डोक्यात आलं. टायरच्या टॉवेलला टायर-पॉलिशचा वास राहतो. ही बाई वासावरून निवडतेय. तव्यावरची भाकरी करपली.

१६ नोव्हें.
सकाळी चांगल्या उन्हात निळा टॉवेल समोर धरला. "ताई, हा कुठला?"
"काळा."
इतक्या खात्रीने! खोदून खोदून विचारलं तेव्हा कबूल केलं.

मोतीबिंदू. चष्मेवाल्याने मागेच सांगितलं होतं, ह्या कुणाला बोलल्या नाहीत. त्यांच्या आईचं, तिकडे हरसूलला, ऑपरेशन झालं होतं. म्हातारी पट्टी बांधूनच चुलीपुढे बसली, धूर, धग... डोळा गेला. "मला नको ते. वासानं जमतंय की." मी म्हटलं, जमत नाहीये ताई, गुरुजींची गाडी बघितली ना. तर म्हणे, "मंग मला घरी बसवशील?"

भाऊजी गेल्यावर ही बाई महिनेच्या महिने भिंतीकडे बघत बसायची. मीच हाताला धरून सेंटरवर आणलं. आता मीच घरी बसवू? रडू आलं. रागही आला, सांगितलं का नाही म्हणून.

१८ नोव्हें.
हे म्हणतात, "एवढं काय त्यात? निळ्यांच्या जागी पिवळे आण. पिवळा न् काळा वहिनीला कळतो." घरातली फडकी दाखवून बघितली. खरंच कळतो. किती सोपं!

गेले लगेच दुकानात. पिवळे छान होते, जाड, मऊ, हाताच्या भेगांना चिकटत होते. चांगल्या मायक्रोफायबर टॉवेलची हीच खूण. दुकानदार म्हणाला, "देऊ का बांधून, ताई?"

मी आपली हातात धरून उभी. पिवळे आणले की ऑपरेशनचं नावच संपलं. सगळे खूश. आज निळा दिसत नाही, उद्या समोरून येणारी रिक्षा दिसणार नाही, तेव्हा काय रिक्षा पिवळ्या करणार? नाही घेतले. रिकाम्या हाताने परत.

१९ नोव्हें.
स्पष्ट सांगितलं. "पिवळे मिळत होते. मीच आणले नाहीत. तुमची जागा कुणाला देत नाही, पण डोळे दाखवा. तोवर धुणं-वाळवणं तुमचं, निळे-काळे वेगळे मी करीन."
ताईंनी तोंड फिरवलं. डबाही उघडला नाही. हे माझ्यावरच घसरले, "तुझा हट्ट नडतो." असू दे.

२० नोव्हें.
अबोला. गाड्या सात.

२२ नोव्हें., शनि.
अजून अबोला. चहा दिला तर कप माझ्याकडे न बघता घेतात. डोळे सुजलेले, रात्री रडत असणार. आज मलाच वाटायला लागलं, दुष्टपणा तर करत नाहीये मी? बाईला जे थोडंफार दिसतंय त्यात सुखाने राहू द्यावं. दुपारी ठरवून टाकलं, उद्या जाऊन पिवळे आणायचे. देवा, सुटले एकदाची.

संध्याकाळी दोघी टॉवेल झटकत होतो, दोन टोकं त्यांच्याकडे, दोन माझ्याकडे. खाली बघूनच म्हणाल्या,
"डॉक्टर बाई हाय का बाप्या?"
"बाई," मी ठोकून दिलं.
"हं."
आणि पुढचा टॉवेल उचलला. हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. मी पण माझी दोन टोकं धरली.

आता नाशिक रोडला डोळ्यांची बाई डॉक्टर शोधायची. उद्या रविवार, उघडं कोण असणार. सोमवारी सकाळी पहिलं तेच, ताईंचं मन बदलायच्या आत.