तिला ‘तू’ म्हणताना

विन्ह, १२ ऑक्टोबर

प्रिय दिएपताई,

एवढं जाड पाकीट पाहून घाबरू नकोस. कुणी गेलेलं नाही आणि मलाही काही झालेलं नाही. गुडघे कुरकुरतात, पण वामीच्या पेजेचं पातेलं सकाळी अजून मीच उचलते. तू दरवर्षी शरदाच्या पुनवेला हायफाँगहून केक पाठवतेस, आत एक ओळही नसते. मीही फोन करून ‘पोचले बरं का’ एवढंच म्हणते. इतकी वर्षं आपण अशीच निभावली. आज मात्र मी मनातलं सगळं लिहिणार आहे, आणि तू ते शेवटपर्यंत वाचायचं आहेस. मध्येच घडी घालून फळीवर ठेवायची तुझी सवय मला ठाऊक आहे, म्हणून आधीच बजावते.

तर बातमी अशी की अठ्ठावन्नाव्या वर्षी मी जर्मन शिकतेय. हसून घे. बाजारामागच्या गल्लीत हेल्मेटच्या दुकानावर वर्ग भरतो, दुपारी दोन ते चार. तोवर माझी पेजेची गाडी आवरून झालेली असते. वर्गात बावीस पोरी, सगळ्या जर्मनीत नर्स व्हायला निघालेल्या. पहिल्या दिवशी मी दारात उभी राहिले तर त्यांना वाटलं, कुणाची तरी आई डबा घेऊन आलीय. शेजारच्या बाकावरची थाम भलती आगाऊ. म्हणाली, “मावशी, तुम्ही नर्स होणार की पेशंट म्हणून जाणार?” सगळा वर्ग खिदळला, मीही हसले. शिकवायला क्वेनबाई आहेत, वय सव्वीस. मी त्यांना बाई म्हणते, त्या मला मावशी म्हणतात.

कानावरचं मला थोडंफार आठवत होतं. जर्मनीत कापडगिरणीत काढलेल्या तीन वर्षांतलं ‘लवकर’, ‘दोरा तुटला’, ‘जेवायची सुटी’, शिवाय मुकादमबाईच्या शिव्या, त्या तर जशाच्या तशा! पण लिहायला आपल्याला तिथे कुणी लावलं होतं? साठ जणींच्या वसतिगृहात दुभाषी तू एकटी. दवाखाना असो, पोलीस असो, आम्ही मागे उभ्या आणि लिहायला तू.

हा खटाटोप कशासाठी, ते आता सांगते. मार्च महिन्यात वॉर्ड कचेरीतून निरोप आला की तुमच्या नावाचं परदेशी पत्र पडलंय. आत पाऊण पान मजकूर, आपल्या भाषेत भाषांतर करवून घेतलेला, आणि एक फोटो होता. फोटो पाहिला आणि मी कचेरीच्या पायरीवरच बसले. ताई, कपाळ माझ्या आईचं आहे. कानाच्या पाळ्यासुद्धा. तिचं नाव त्यांनी कात्रिन ठेवलंय. छत्तीस वर्षांची आहे, शाळेत गणित शिकवते.

इथे तुझा हात थांबला असेल. थांबू दे थोडा वेळ. मग वाच.

त्या दिवसांबद्दल आपण कधी बोललोच नाही. ज्याचं मूल होतं तो मुदत संपवून बायकोकडे निघून गेला होता. मी पोट बांधून यंत्रावर उभी राहायची. वर कळलं असतं तर आठवड्याच्या आत विमानात बसवलं असतं, आणि बाबांनी मला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं. एकट्या तुला ठाऊक होतं. माझ्या वाट्याचे कापडाचे गठ्ठे तू ओढायचीस, वर सगळ्यांसमोर मला आळशी म्हणायचीस, म्हणजे कुणाला शंका यायला नको. ती आठव्या महिन्यातच आली. बाहेर बर्फ पडत होता. तीन दिवस माझ्याजवळ होती. चौथ्या दिवशी कागद आला, तू वाचून दाखवलास आणि म्हणालीस, “थोआ, सही कर. हिला घर मिळेल, तुला घरी जाता येईल. दुसरं काही आपल्या हातात नाही ग.” मी सही केली. त्यानंतर तू माझ्याकडे नीट पाहिलंच नाहीस. माझ्या लग्नाला आली नाहीस. माझा नवरा गेला तेव्हा आलीस, उदबत्ती लावलीस, अंगणात मला म्हणालीस, “तेव्हा मी तुझ्या…” आणि चहा निवला म्हणत आत निघून गेलीस.

नवऱ्याला मी कधी सांगितलं नाही. लेकाला, तुंगला, एप्रिलमध्ये सांगितलं, सायगॉनला फोन करून. तो म्हणाला, “म्हणजे मला मोठी बहीण आहे? आणि गणित शिकवते? मग गणितात मी असा दगड कसा निघालो, आई?” मी हसता हसता रडले. इतकी वर्षं ज्याची भीती बाळगली ते असं एका वाक्यात संपलं.

पण तिला उत्तर लिहायला बसले आणि पहिल्याच शब्दाला अडले. आपल्या भाषेत नुसतं ‘मी’ म्हणायची सोय कुठे आहे? समोरच्याशी नातं ठरल्याशिवाय स्वतःला काय म्हणायचं तेच ठरत नाही. ‘आई’ लिहू? कोणत्या तोंडाने? ‘मावशी’ लिहावं तर ते खोटं. आठ दिवस कागदावर तारखेखाली काही नव्हतं. कुणाकडून लिहून घेतलं असतं, पण हे दुसऱ्याच्या हातून जायला नको होतं. म्हणून वर्गात नाव घातलं. थामने दुसऱ्याच दिवशी फोनवर माझ्या चार ओळींचं भाषांतर करून दिलं, तर क्वेनबाईंनी कपाळाला हात लावला. फोनने तिला ‘आपण’ म्हटलं होतं, वीज कचेरीत मीटरचा अर्ज करावा तसं.

मग एके दिवशी बाईंनी घरगुती पत्र शिकवायला घेतलं. उजवीकडे गाव आणि तारीख, मग ‘लीबे’, म्हणजे प्रिय, आणि नाव, मग स्वल्पविराम. म्हणाल्या, “जवळच्या माणसाला ‘दू’ आणि स्वतःला ‘इश’. संपलं. समोर आजी असो की मैत्रीण, ‘इश’ बदलत नाही.” मी विचारलं, “लेकीलाही ‘इश’ आणि आईलाही ‘इश’?” “हो मावशी, सगळ्यांना.” ताई, छातीवरचा दगडच उतरला. मी, नुसती मी. आधी आई असल्याचं सिद्ध करायला नको. आणि तिला ‘तू’ म्हटलं तर उद्धटपणाही नाही.

सरावाला प्रश्न होता: मैत्रिणीच्या वाढदिवसाला तुम्हाला जाता आलं नाही. क्षमा मागा, कारण सांगा, भेटायचा दिवस सुचवा. पोरींनी दहा मिनिटांत लिहून टाकलं. सगळ्यांना ताप आला होता, सगळ्या रविवारी कॉफी प्यायला भेटणार होत्या. मी चाळीस मिनिटं घेतली. वर्ग सुटल्यावर बाई माझी वही तपासायला बसल्या. मी लिहिलं होतं, ‘तुझ्या वाढदिवसाला मला येता आलं नाही. मी फक्त पहिल्या दिवशी होते. मला माफ कर, कारण एका वाक्यात मावत नाही.’ बाईंनी लाल पेनाने क्रियापद उचलून शेवटी नेलं आणि पेन तिथेच थांबलं. “मावशी, ही मैत्रीण कोण?” मी पिशवीतून फोटो काढून दाखवला. त्यांनी तो पाहिला, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाल्या, “यापुढे मी तुमची क्रियापदं तेवढी बघणार. बाकीचं सगळं तुमचं.”

जूनमध्ये माझं पत्र गेलं. चार पानं, दोन महिन्यांची मेहनत. ऑगस्टमध्ये तिचं उत्तर आलं, आणि ते मी शब्दकोश घेऊन स्वतः वाचलं. घर चांगलं मिळालं तिला. माणसं मायेची होती. लहानपणीच सगळं सांगितलं त्यांनी. ती रागावलेली नाही, ताई. तिने मला ‘दू’ लिहिलंय.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. तिच्या उत्तरात एक ओळ होती: ‘तुझं जुनं पत्र अठराव्या वर्षी माझ्या हातात आलं, म्हणून तर मी तुला शोधू शकले.’ मी तर तिला तेव्हा एक अक्षरही लिहिलं नव्हतं. मी विचारलं, तिने त्या पत्राची प्रत पाठवली. तुझं अक्षर मी ओळखणार नाही होय? क्रियापदं सगळी चुकीच्या जागी, आणि खाली माझं नाव. ‘लाडके, तू मला नको आहेस म्हणून मी जात नाही. मला जावंच लागतंय. तू शांत झोपतेस, दूध नीट पितेस. मोठी झालीस की विन्हच्या बाजारात ये आणि थोआ कुठे राहते ते विचार.’ मला न सांगता तू हे त्या कागदांसोबत ठेवून आलीस आणि स्वतःला गुन्हेगार समजत राहिलीस. तिला ते खोटं वाटेल या भीतीने मी पंधरा दिवस गप्प होते. मग सरळ लिहिलं की ते माझ्या मैत्रिणीने लिहिलं, माझ्या मनातलंच, पण मला सुचलं नाही ते. काल उत्तर आलं. कात्रिन विचारते, ती मैत्रीण कुठे असते? फेब्रुवारीत तिच्या शाळेला सुटी आहे, तेव्हा ती विन्हला येणार आहे, आणि तिला आपण दोघी भेटायला हव्या आहोत. माझा तुझ्यावर कधीच राग नव्हता ग. तू आधी चार दिवस ये. ती दारात येईल तेव्हा मला एकटीने उभं राहायचं नाही, तू माझ्या शेजारी हवीस.

तुझीच,
थोआ