सम्राटाच्या डोक्यावरची दोन भोकं

शिकागो, मार्च २००६

ती. आई,
आधीच पाया पडून घेते, कारण पुढचं वाचून तू चिडणार आहेस.

तुम्ही सुचवलेल्या प्रसन्नला मी लग्नाला नाही म्हटलं. मुलगा वाईट नाही. डेव्हनवर, म्हणजे इथल्या देशी बाजारात, मला पाणीपुरी खाऊ घातली, मग आम्ही म्युझियममध्ये गेलो. तिथे भारतात सापडलेलं एक रोमन सोन्याचं नाणं होतं. एका बाजूला सम्राट, दुसरीकडे पंखवाली विजयदेवी, आणि सम्राटाच्या डोक्यावर चक्क दोन भोकं! आपल्याकडच्या कुणा बाईनं त्याला दोऱ्यात ओवून गळ्यात घातलं होतं, तुझ्या पुतळ्यांच्या माळेसारखं. नाचायचंच बाकी होतं माझं.

प्रसन्न म्हणाला, "भोकं पाडून वाट लावली यार! व्हॅल्यूच गेली."

"तिला घालायचं होतं, विकायचं नव्हतं," मी म्हटलं. "या बाईवर गोष्ट लिहिणार मी."

तो हसला. "लग्नानंतर लिखाण वीकेंडला कर. पण असलं विचित्र नको, लोकांना दाखवता येईल असं लिही."

तिथेच ठरलं, आई.

नोकरी चालू आहे. जेवते वेळेवर, म्हणजे बहुतेकदा. घर फार शांत वाटतं, पण लिहून होतं. बाबांचे गुडघे कसे आहेत? त्यांना हे तूच सांग, मला फोनवर जमणार नाही.

आणि ती माळ माझ्या लग्नासाठी लॉकरमध्ये ठेवलीयस ना? काढ बाहेर. उद्या भाजीला जाताना घाल. मावशी विचारेल, "आसावरीचं जमलं वाटतं?" सांग, नाही जमलं, म्हणूनच घातली.

तुझीच, न ऐकणारी,
आसावरी